ट्रिब्यूट : खंडणी, नजराणा की आदरांजली?

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच शब्द आहे : ट्रिब्यूट. कुणाला तो इतिहासाच्या पुस्तकात अडला, कुणाला गाण्याच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीत, तर कुणाला भूगोलाच्या धड्यात. एकमेकांना लागून असलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : इतिहासाच्या पुस्तकात 'पराभूत राजाने ट्रिब्यूट दिला' असं वाचलं आणि त्याच दिवशी एका दिवंगत गायकाच्या 'ट्रिब्यूट'ची जाहिरात पाहिली. हा एकच शब्द आहे की योगायोगाने सारखे दिसणारे दोन?

एकच आहे. दोन अर्थांपैकी पैशाचा अर्थ थोरला, आदराचा धाकटा.

मूळ लॅटिन. रोमन नागरिकांची विभागणी ज्या गटांत केलेली असे, त्या गटाला 'त्रिबुस' म्हणत. त्यावरून 'त्रिबुएरे' हे क्रियापद आलं : गटवार वाटून देणं, नेमून देणं. आणि त्यावरून 'त्रिबूतुम' : नेमून दिलेली, ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेली रक्कम. आपल्याकडे 'गावावर पट्टी बसवली, घरटी इतकी' असं म्हणतात त्यामागचा विचार हाच. आधी एकूण आकडा ठरतो, मग तो माणसामाणसांवर पसरला जातो. मूळ शब्दात आदर नाही, जुलूमही नाही. आहे ती फक्त वाटणी.

पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पहिला त्रिबूतुम रोमने जिंकलेल्या लोकांकडून नव्हे, स्वतःच्याच नागरिकांकडून घेतला. रोमन परंपरेप्रमाणे इ.स.पू. ४०६च्या सुमारास, वेई या शहराशी युद्ध चालू असताना, सैनिकांना पगार द्यायचं ठरलं आणि तो भागवण्यासाठी ही पट्टी बसली. दर साधा होता : जनगणनेत नोंदलेल्या मालमत्तेच्या हजारी एक. निकड मोठी असेल तर एका वर्षात तो दुपटीने, तिपटीने घेत. युद्ध जिंकून लूट आली तर पैसे परत करण्याचीही पद्धत होती. इ.स.पू. १८७मध्ये आशिया मायनरमधून आलेल्या लुटीतून नागरिकांचं थकलेलं देणं हजारी साडेपंचवीस या हिशेबाने फेडल्याची नोंद आहे. म्हणजे आजच्या भाषेत हा कर कमी आणि सक्तीचं कर्ज जास्त.

इ.स.पू. १६८मध्ये पिड्नाच्या लढाईत मॅसिडोनियाचा राजा हरला. त्याचा खजिना रोमला आल्यावर नागरिकांवरचा त्रिबूतुम थांबवण्यात आला आणि तो थेट इ.स.पू. ४३पर्यंत पुन्हा बसवला गेला नाही. पुढे साम्राज्यात हाच शब्द प्रांतांच्या माथी आला : जमिनीवरचा त्रिबूतुम वेगळा, डोईपट्टीचा वेगळा. शब्द तोच राहिला, देणारा बदलला. स्वतःच्या लोकांची वर्गणी होती ती परक्यांची खंडणी झाली. इंग्रजीत हा शब्द १४व्या शतकात पोचला तो हा दुसरा, जितांकडून वसुलीचा अर्थ घेऊनच. स्तुती किंवा आदराची खूण हा अर्थ त्याला १६व्या शतकाच्या अखेरीस चिकटला.

प्रश्न : 'ट्रिब्यूट'मधला 'ट्रि' म्हणजे तीन का? आणि ट्राइब, ट्रिब्यूनल, कॉन्ट्रिब्यूशन हे सगळे शब्द एकाच कुटुंबातले का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होय. पहिल्याचं तेवढ्या ठामपणे देता येत नाही. रोमचे सुरुवातीचे तीन गट परंपरेने सांगितले जातात : रामनेस, तितिएस आणि लुकेरेस. त्यामुळे 'त्रिबुस' म्हणजे 'तीनांपैकी एक भाग' ही व्युत्पत्ती मोहात पाडते. पण शेजारच्या उम्ब्रियन भाषेत 'त्रिफु' हा शब्द जनसमूह, प्रदेश अशा अर्थाने येतो आणि तिथे तीनचा काही संबंध दिसत नाही. म्हणून भाषाशास्त्रज्ञांत यावर एकमत नाही. रोममध्येही हे गट तीनवर थांबले नाहीत. इ.स.पू. २४१पर्यंत ते ३५ झाले होते : शहरातले ४ आणि ग्रामीण ३१.

खुद्द रोमन लेखकांतही या शब्दावरून ओढाताण होती. व्हारो म्हणतो, त्रिबुसनिहाय पैसे घेतात म्हणून त्रिबूतुम. लिव्ही उलटं सांगतो : त्रिबूतुम घेण्यासाठी केलेले गट म्हणून त्रिबुस. आजचे अभ्यासक व्हारोच्या बाजूचे आहेत.

बाकीचं कुटुंब चटकन सांगता येईल. गटाचा अधिकारी 'त्रिबूनुस', म्हणजे ट्रिब्यून. तो ज्या उंच चौथऱ्यावर बसून निवाडा करी तो ट्रिब्यूनल. आज आपण त्याला न्यायाधिकरण म्हणतो आणि चौथरा विसरतो. सगळ्यांनी मिळून आपापला वाटा टाकला की कॉन्ट्रिब्यूशन, वर्गणी. वाटे वेगवेगळ्या दिशांना पाठवले की डिस्ट्रिब्यूशन, वितरण. एखादा गुण कुणाच्या तरी नावे नेमून दिला की अ‍ॅट्रिब्यूट. दिलेलं परत केलं की रेट्रिब्यूशन. हा शब्द आज फक्त शिक्षेसाठी उरला असला, तरी त्याचा मूळ अर्थ 'परतफेड' एवढाच, चांगली किंवा वाईट. सगळ्यांत 'त्रिबुएरे'च आहे, फक्त मागचा उपसर्ग हलतो.

प्रश्न : कराचा शब्द आदराचा झाला कसा? कर भरताना कुणी आदराने भरत नाही.

कर भरणारा कारकुनाकडे पैसे टेकवून निघून जातो. ट्रिब्यूट बहुधा असा देता येत नसे, तो समोर येऊन, सर्वांदेखत द्यावा लागे. या 'समोर येण्या'तच उत्तर आहे.

इराणच्या साम्राज्याबद्दल ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहिलेलं इथे उपयोगी पडतं. तो सांगतो की कुरुश (सायरस) आणि कंबुजीय (कॅम्बिसेस) या राजांच्या काळात ठरलेला ट्रिब्यूट नव्हता, लोक भेटी आणत. त्यांच्यानंतरच्या दारयवौशने (डरायस) २० प्रांत पाडले आणि प्रत्येकावर आकडा बसवला. शेवटचा, विसावा प्रांत भारतीयांचा, त्यांच्यावर ३६० टॅलंट सोन्याची भुकटी (टॅलंट हे वजनाचं जुनं माप). त्यावर इराणी लोक म्हणत, कुरुश बाप होता, कंबुजीय धनी होता आणि दारयवौश दुकानदार. भेट आणि ट्रिब्यूट यांतला फरक यापेक्षा नेमका कुणी सांगितलेला नाही : वस्तू एकच असू शकते, पण भेटीचं माप देणारा ठरवतो, ट्रिब्यूटचं माप घेणारा ठरवतो.

अथेन्सचं उदाहरण आणखी बोलकं. इ.स.पू. ४७८मध्ये इराणविरुद्ध ग्रीक नगरांचा संघ झाला आणि प्रत्येकाचा वाटा ठरला. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने पहिली एकूण आकारणी ४६० टॅलंट सांगितली आहे. इ.स.पू. ४५४मध्ये खजिना अथेन्सला हलवला गेला. तेव्हापासून प्रत्येक नगराच्या रकमेचा साठावा भाग अथेना देवीला जाई आणि तो दगडावर कोरून ठेवत. पैसे आणायचे ते वसंतातल्या डायोनिससच्या उत्सवाच्या वेळी. शिलकीचे पैसे टॅलंट टॅलंट करून भर नाट्यगृहात मांडत असल्याचं अथेन्सचा लेखक आयसोक्रेटिस सांगतो. बघायला इतर नगरांचे लोकही असत. या रकमेला शब्द होता 'फोरोस', वाहून आणलेलं. त्याचा धातू आणि आपला संस्कृत 'भृ' हे सख्खे भाऊ, म्हणजे आपण 'कर भरतो' त्यातलं भरणंही त्याच घरचं. पुढे हा शब्द इतका नकोसा झाला की इ.स.पू. ३७८मध्ये अथेन्सने नवा संघ काढला, तेव्हा वर्गणीला 'सिंटॅक्सिस' असं निरुपद्रवी नाव दिलं. नाव बदलून वसुली सुसह्य करण्याची युक्ती इतकी जुनी आहे.

आता समुद्रगुप्ताच्या प्रयागच्या स्तंभलेखाकडे या. हरिषेणाने रचलेल्या त्या प्रशस्तीत सीमेवरच्या राजांविषयी एक लांबलचक समास आहे. त्यात 'सर्वकरदान', 'आज्ञाकरण' आणि 'प्रणामागमन' हे तिन्ही ओळीने येतात : सगळे कर देणं, आज्ञा पाळणं, प्रणाम करायला येणं. ट्रिब्यूटची याहून चांगली व्याख्या शब्दकोशातही सापडणार नाही. यातला कर गळला की उरतो तो प्रणाम. इंग्रजीत नेमकं हेच झालं. रक्कम मागे पडली आणि 'मी तुमच्यासमोर येऊन काही ठेवतो' ही कृती शिल्लक राहिली. 'पे ट्रिब्यूट'मधलं 'पे' मात्र अजून जुन्या धंद्याची आठवण देतं. तेही लॅटिन 'पाकारे'वरून आलेलं, अर्थ शांत करणं. ज्याला पैसे द्यायचे त्याला शांत करायचं!

असा प्रवास फक्त इंग्रजीतच झाला असं समजू नका. 'खिराज' हा मूळ अरबी शब्द जमिनीच्या कराचा, पुढे मांडलिकाकडून येणाऱ्या रकमेचा. आज उर्दूत 'खिराज-ए-अकीदत' म्हणजे श्रद्धांजली. मराठीतही एक नमुना आहे. 'मुजरा' म्हणजे वाकून केलेला सलाम, आणि जुन्या हिशेबांत 'मजुरा' म्हणजे खात्यात धरलेली वजावट. शब्द एकच, उच्चार किंचित हललेला.

प्रश्न : चौथाईला इंग्रजी पुस्तकांत सरसकट ट्रिब्यूट म्हणतात. ते बरोबर आहे का? मग खंडणी म्हणजे काय?

ढोबळ मानाने चालेल, पण त्यात बरंच सांडतं.

खंडणी आधी घेऊ. 'खंडणे' म्हणजे तोडणे, आणि त्याचाच जुना अर्थ रक्कम तोडून, ठोक ठरवणे. जमीन 'खंडाने' दिली की पीक कितीही येवो, मालकाला ठरलेलंच मिळतं. खंडणीतही तेच : दरसाल ठोक रक्कम, मांडलिकाने कुठून आणायची ते त्याचं तो बघेल. ऐतिहासिक ट्रिब्यूटला मराठीत हा सर्वांत जवळचा शब्द. अडचण अशी की आज वर्तमानपत्र उघडलं की खंडणी म्हणजे धमकावून उकळलेले पैसे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८मधला गुन्हा. म्हणून इतिहासावर लिहिताना नुसतं 'खंडणी घेतली' न म्हणता 'वार्षिक खंडणी ठरली' किंवा 'खंडणी देऊन मांडलिकत्व पत्करलं' असं लिहावं. वाक्यात मुदत किंवा नातं आलं की गुन्ह्याचा वास जातो.

चौथाई ठोक नसते. ती महसुलाचा चौथा हिस्सा, म्हणजे प्रमाण. शिवाजी महाराजांच्या आधीही ती होती. रामनगरचा राजा दमणच्या आसपासच्या पोर्तुगीज मुलखातून चौथ घेत असे, म्हणून त्याला 'चौथिया' म्हणत. रामनगर जिंकल्यावर तो हक्क महाराजांनी पोर्तुगिजांकडे मागितला. १७१९मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून शाहू महाराजांसाठी दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, तेव्हा या वसुलीला बादशाही मान्यता मिळाली. वसूल झालेल्या चौथाईची आत पुन्हा वाटणी होई : शेकडा २५ राजबाबती (राजाचा वाटा), ६ साहोत्रा आणि ३ नाडगौडा (राजाने नेमून दिलेले वाटे) आणि उरलेला ६६ मोकासा, जो सरदारांकडे फौजेच्या खर्चासाठी जाई. त्रिबूतुमचा मूळ अर्थ 'वाटून नेमलेलं' आठवा. तो इथे इंग्रजी भाषांतरापेक्षा जास्त चपखल बसतो.

सरदेशमुखीला ट्रिब्यूट म्हणणं मात्र चूक. महसुलाचा दहावा हिस्सा असलेला तो हक्क वतनाच्या नात्याने मागितला जाई. वतनदार आपला हक्क मागतो, जेता आपलं बळ दाखवतो. दाव्यांची मुळंच वेगळी.

चौथाई म्हणजे संरक्षणाचा मोबदला की केवळ 'आम्ही लुटणार नाही' याची किंमत, यावर इतिहासकारांची जुनी खडाजंगी आहे. न्यायमूर्ती रानडे तिची तुलना वेलस्लीच्या तैनाती फौजेशी करतात, जदुनाथ सरकारांना ती मान्य नाही. माझं मत असं की देणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर एकच प्रश्न उरतो : पैसे दिल्यावर दुसऱ्याची फौज आली तर चौथाई घेणारा धावून येतो का? आला तर मोबदला, नाही तर नुसती किंमत. आणि याचं उत्तर दर मुलखात, दर दशकात बदलत गेलं.

निव्वळ किंमत दिली की काय होतं, ते इंग्लंडच्या इतिहासात आकड्यांत दिसतं. चाल करून आलेल्या डेन (डेन्मार्कच्या) लोकांनी परत जावं म्हणून ९९१मध्ये १०,००० पौंड दिले. १००२मध्ये २४,००० लागले, १०१२मध्ये ४८,०००, आणि १०१८मध्ये, डेन राजाच गादीवर बसल्यावर, ७२,००० आणि वर एकट्या लंडनचे १०,५००. बिघाड कुठे ते उघड आहे : पहिल्याच हप्त्याने देणाऱ्याची ऐपत घेणाऱ्याला कळते.

प्रश्न : नजराणा म्हणजे राजाच्या नजरेला पडण्यासाठी दिलेली भेट, असं ऐकलं. बरोबर?

नाही, पण चूक होण्यासारखी आहे. मराठीत दोन वेगळे अरबी शब्द 'नजर' या एकाच रूपात आले. एक दृष्टी या अर्थाचा, दुसरा नवस किंवा अर्पण या अर्थाचा. अरबी लिपीत त्यांची अक्षरं वेगळी आहेत, देवनागरीत तो भेद बुडाला. नजराणा दुसऱ्यापासून झाला. 'हत्ती नजर केला' यातली नजरही तीच, डोळ्यांची नव्हे. नजराण्याचं माप देणारा ठरवतो, निदान दिखावा तरी तसा असतो. महसूल खात्यात वर्ग २ची (परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन विकताना भरावा लागणारा 'नजराणा' आकारून दिलेला असतो. तिथे हा शब्द भेटीकडून कराकडे गेला आहे, म्हणजे ट्रिब्यूटच्या नेमका उलट.

'पेशकश' त्याच्या शेजारची. पेश म्हणजे पुढे, कश म्हणजे ओढणे : पुढे ओढून ठेवलेलं. जुन्या कागदांत ती मांडलिकाकडून येणारी रक्कम असते, त्यामुळे तिथे ट्रिब्यूटसाठी हा शब्द निर्धास्त वापरावा.

प्रश्न : मी भाषांतरं करते. 'ट्रिब्यूट'ला प्रत्येक वेळी 'श्रद्धांजली' लिहिलं की संपादक परत पाठवतात. काही नेम आहे का?

शब्द निवडण्याआधी तीन गोष्टी तपासा. देणाऱ्याला नाही म्हणता येत होतं का? नसेल तर खंडणी, पेशकश, कर यांतलं काही. येत होतं, तर घेणारा हयात आहे का? हयात असेल तर मानवंदना, गौरव, अभिवादन, कृतज्ञता. नसेल तर आदरांजली किंवा श्रद्धांजली. तिसरी गोष्ट : तिथे खरोखर कुणी कुणाला काही देतंय का? नसेल तर वरचा एकही शब्द चालणार नाही.

सर्वांत जास्त घोटाळे या तिसऱ्या जातीत होतात. इंग्रजीत सर्रास म्हणतात की पूल अजून उभा आहे हा बांधणाऱ्यांच्या कौशल्याला ट्रिब्यूट आहे. इथे ट्रिब्यूट म्हणजे पुरावा. 'पुलाने कौशल्याला श्रद्धांजली वाहिली' असं लिहिलं की कौशल्य मेलं आणि पूल शोकसभेला आला! मराठीत 'पूल अजून उभा आहे, ही बांधणाऱ्यांच्या कौशल्याची पावती' असं सरळ लिहावं. पावती हाही देण्याघेण्याच्या व्यवहारातलाच शब्द, त्यामुळे मूळ रंगही टिकतो.

'फ्लोरल ट्रिब्यूट' म्हणजे प्रसंगाप्रमाणे पुष्पचक्र, पुष्पहार किंवा पुष्पांजली. शासकीय इतमामातलं पोलिसांचं संचलन असेल तर मानवंदना. दुसऱ्या गटाची गाणी हुबेहूब सादर करणाऱ्या गटाला 'ट्रिब्यूट बँड' म्हणतात. त्याला मराठी शब्द घडवत बसण्यापेक्षा ट्रिब्यूट बँडच लिहावं, वाचकाला कळतं. चित्रपटाच्या परीक्षणात 'होमेज' भेटला तर लक्षात ठेवा, तोही सरंजामशाहीतलाच : सरदाराचा 'माणूस' होण्याची शपथ. तिथे 'अमुकच्या शैलीला सलाम' पुरेसं आहे.

इंग्रजी व्याकरण थोडी मदत करतं, पण तिच्यावर विसंबू नये. 'पेड ट्रिब्यूट'नंतर सोनं, धान्य, घोडे असे जिन्नस आले की खंडणी समजावी. नंतर व्यक्तीचं नाव आणि तिचे गुण आले की आदरांजली. तरी कधी कधी एकाच परिच्छेदात दोन्ही येतात आणि लेखक मुद्दाम श्लेष करत असतो. तेव्हा मराठीत एक अर्थ सोडावा लागतो. कुठला सोडायचा ते मजकूर सांगतो.

प्रश्न : श्रद्धांजली, आदरांजली, स्मृतांजली, तिलांजली यांत फरक काय? आणि श्रद्धांजली 'देतात' की 'वाहतात'?

वाहतात किंवा अर्पण करतात. 'श्रद्धांजली दिली' हे हिंदीच्या वळणाचं. अंजली म्हणजे जोडून खोलगट केलेली ओंजळ. ओंजळीतलं फूल किंवा पाणी वाहतात, म्हणून क्रियापद वाहणे. वैद्यकात अंजली हे मापही आहे : ४ पळं, म्हणजे १६ तोळे. श्रद्धेचं तेवढंच माप धरायचं कारण नाही.

श्रद्धांजली आज फक्त दिवंगतांसाठी वापरतात आणि तीही निधनाच्या जवळच्या काळात जास्त शोभते. पुण्यतिथीला आदरांजली किंवा अभिवादन, जयंतीला अभिवादनच. व्युत्पत्तीने पाहिलं तर श्रद्धांजली हयात माणसालाही चालायला हवी, पण भाषेत व्युत्पत्तीपेक्षा वहिवाट मोठी. सत्कारमूर्ती समोर बसले असताना हा शब्द उच्चारू नये.

तिलांजलीपासून दोन हात दूर राहा. ती पितरांना द्यायची तीळमिश्रित पाण्याची ओंजळ, आणि मराठीत 'तिलांजली देणे' म्हणजे कायमचं सोडून देणं. 'गुरूंच्या विचारांना तिलांजली' असं कौतुकाने लिहिलं तर अर्थ नेमका उलटा होईल.

'स्मृतांजली'चा संधी जमत नाही. स्मृति + अंजली = स्मृत्यंजली. उच्चाराला जड वाटत असेल तर 'आदरांजली' आहेच. भाव, स्वर, शब्द, गीत हे अकारान्त असल्यामुळे भावांजली, स्वरांजली, शब्दांजली, गीतांजली सरळ होतात. लिहिताना 'श्रद्धा'तलं जोडाक्षर द आधी आणि ध नंतर असं आहे. कळफलकावर द, हलन्त, ध या क्रमाने टंकावं. ध आधी टंकला की 'श्रध्दा' असं चुकीचं रूप उमटतं, आणि फलकावर ते चार फुटांच्या अक्षरांत दिसतं. शेवटची 'ली' मराठीत दीर्घ, पण शब्द समासात पुढे आला की ऱ्हस्व : श्रद्धांजलिपर लेख.

प्रश्न : संस्कृतात ट्रिब्यूटसाठी 'बलि' असा शब्द वाचला. बळी देणं आणि कर देणं एकच कसं?

ऋग्वेदात 'बलिहृत्' म्हणजे बलि आणून देणारा, आणि तो राजाला आणून देतो. देवाला वाहिलेलं आणि राजाला दिलेलं या दोहोंना बलिच म्हणत. अशोकाच्या लुंबिनीच्या स्तंभलेखात हा शब्द कराच्याच अर्थाने आहे : राज्याभिषेकाला २० वर्षं झाल्यावर तो तिथे आला आणि बुद्धाचा जन्म इथे झाला म्हणून ते गाव त्याने 'उबलिक', म्हणजे बलिमुक्त केलं आणि उत्पन्नाचा आठवा भागच ठेवला. कालिदासाच्या रघुवंशाच्या पहिल्या सर्गातही राजा दिलीप प्रजेकडून घेतो तो बलि, म्हणजे कर. मराठीत कराचा अर्थ विझला आणि अर्पणाचा उरला. त्यातून अपघाताचे 'बळी' आले.

'बळी तो कान पिळी'मधला बळी मात्र वेगळा, तो 'बलिन्', बलवान. आणि 'बळीचं राज्य येवो'मधला राजा. तीन शब्द, एक रूप.

प्रश्न : उपनदीला 'ट्रिब्युटरी' का म्हणतात?

ती आपलं पाणी मोठ्या नदीला आणून देते, मांडलिकाने खंडणी द्यावी तसं. आधी 'ट्रिब्युटरी' म्हणजे मांडलिक राजा होता, नदीला तो शब्द रूपकाने लागला. मराठीतल्या 'उप'ला ही राजनीती माहीत नाही, तिथे फक्त लहानमोठेपणा आहे. त्रिभुज प्रदेशात नदी फाटून जे प्रवाह निघतात त्या वितरिका, इंग्रजीत 'डिस्ट्रिब्युटरी'. विद्यार्थी या दोघींत गोंधळतात. पाणी आत येतं ती ट्रिब्युटरी, बाहेर जातं ती डिस्ट्रिब्युटरी.

प्रश्न : इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणींवरच्या एका लेखात मजुरांना 'ट्रिब्यूट' मिळत असे असं लिहिलं आहे. छपाईची चूक?

चूक नाही. तिथल्या कथिलाच्या आणि तांब्याच्या खाणींत कामाचे दोन प्रकार होते. 'टटवर्क'मध्ये खणलेल्या लांबीवर पैसे. 'ट्रिब्यूट'मध्ये खाणकामगारांची टोळी खाणीतला ठरावीक तुकडा बोली लावून घेई आणि काढलेल्या धातुकाच्या किमतीतला ठरलेला हिस्सा तिला मिळे. धातुकाची शीर सधन निघाली तर चांदी, दगड निघाला तर कष्ट वाया. अशा कामगाराला 'ट्रिब्यूटर' म्हणत. इथे ट्रिब्यूट खालून वर न जाता वरून खाली येतो, पण मूळ अर्थ शाबूत आहे : नेमून दिलेला वाटा. भाषांतरात 'हिस्सेवारी' लिहा, 'खंडणी' लिहू नका.